रान सुधारायचंय आणि फवारणाऱ्याचा जीवपण सांभाळायचाय: सरकारी मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातली, घरचं सहा एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर. आमच्या बचत गटातल्या बायकांचे आणि आजूबाजूच्या कास्तकारांचे फॉर्म मी भरून देते, त्यामुळं दर उन्हाळ्यात तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच तीच उत्तरं फोनवर सांगत बसते. म्हटलं एकदा सगळं लिहूनच ठेवावं. योजनांचे आकडे मला माहीत आहेत तेवढे दिलेत, तरी दरवर्षी निधी आणि नियम बदलतात, म्हणून अर्ज करायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात यावर्षीचं विचारून घ्या.

रिजनरेटिव्ह शेती म्हणजे सेंद्रियच ना? नाव नवीन, काम जुनं?

थोडं जुनं, थोडं नवीन. सेंद्रिय शेतीत मुख्य प्रश्न असतो की तुम्ही काय टाकलं नाही, म्हणजे रासायनिक खत नाही, औषध नाही. रिजनरेटिव्हमध्ये प्रश्न असा असतो की जमीन दरवर्षी सुधरतेय का, तिच्यात सेंद्रिय कर्ब वाढतोय का, पाऊस मुरतोय का की सगळी माती घेऊन नाल्यात जातोय. त्यासाठी चार-पाच गोष्टी: माती कमीत कमी उकरायची, ती उघडी ठेवायची नाही, एकच पीक सारखं सारखं घ्यायचं नाही, जमिनीत जिवंत मुळं जास्तीत जास्त दिवस ठेवायची, आणि जमेल तिथं जनावर शेतीला जोडायचं. सरकारी कागदावर मात्र हा शब्द फारसा सापडणार नाही, तिथं 'नैसर्गिक शेती', 'सेंद्रिय शेती', 'हवामान अनुकूल शेती' अशी नावं असतात. ऑफिसात जाऊन रिजनरेटिव्हची स्कीम द्या म्हणाल तर समोरचा माणूस गोंधळेल, म्हणून ही नावं लक्षात ठेवा.

सरकार खरंच पैसे देतं का? किती?

देतं, पण तुम्हाला वाटतं तेवढे नाही आणि वाटतं तसे नाही. मुख्य तीन गोष्टी सांगते.

पहिली, राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केलं, २,४८१ कोटींचं, त्यात केंद्राचे १,५८४ आणि राज्यांचे ८९७ कोटी. लक्ष्य होतं १५ हजार गट, १ कोटी शेतकरी, साडेसात लाख हेक्टर. म्हणजे एक गट साधारण ५० हेक्टरचा. यात शेतकऱ्याला एकरी ४ हजार रुपये वर्षाला, दोन वर्षं, आणि तेही एका शेतकऱ्याला एका एकरापुरतेच. दहा एकर असलं तरी एकाच एकराचे. हे ऐकून लोक नाराज होतात, पण मला स्वतःला ही मर्यादा बरी वाटते कारण एक एकरात शिकता येतं आणि चुकलं तरी घर बुडत नाही. याच अभियानात १० हजार जैविक निविष्ठा केंद्रं (जिथं जमिनीला द्यायचं जीवामृत, किडीसाठीचा दशपर्णी अर्क तयार मिळावा) आणि ३० हजार कृषी सखी, म्हणजे शेतकऱ्यांना शिकवणाऱ्या गावातल्याच बायका, धरल्यात. बचत गटातल्या बायकांनी या दोन गोष्टींकडं नीट बघा, कारण यात सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी काम तुमच्या नावावर होऊ शकतं.

दुसरी, परंपरागत कृषी विकास योजना, २०१५-१६ पासूनची. हेक्टरी ३१,५०० रुपये तीन वर्षांत, त्यातले १५ हजार थेट शेतकऱ्याच्या खात्यात निविष्ठांसाठी, बाकीचे ट्रेनिंग, सर्टिफिकेट, मार्केटिंगला. जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत. गट पाहिजे, एकट्यानं होत नाही.

तिसरी आपल्या राज्याची, डॉ. पंजाबराव देशमुख मिशन. २०१८ मध्ये जैविक शेती मिशन म्हणून सुरू झालं, ऑफिस अकोल्यात, आणि सुरुवातीला विदर्भातले आत्महत्याग्रस्त सहा जिल्हेच होते: अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा. नंतर नाव नैसर्गिक शेती मिशन झालं आणि सगळ्या राज्यात नेलं, २५ लाख हेक्टरचं टार्गेट २०२३ मध्ये जाहीर झालं.

अर्ज कुठं करायचा?

गटाच्या योजनांसाठी कृषी सहायकाला भेटा, तिथं ऑनलाइन एकट्यानं बटण दाबून काही होत नाही, गाव गटात निवडलं गेलं पाहिजे. अवजारांसाठी (पऱ्हाट्या बारीक करणारं श्रेडर, रुंद वाफ्यावर पेरणारं बीबीएफ यंत्र वगैरे) महाडीबीटी पोर्टल. तिथं २०२५ पासून फार्मर आयडी लागतो, तो नसेल तर आधी सीएससी सेंटरवर जाऊन काढा. आधी लॉटरी लागायची, आता जो आधी अर्ज करेल त्याचा नंबर आधी, त्यामुळं नातेवाइकाचं लग्न झालं की बघू असं करू नका. अनुदान महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्पभूधारक यांना साधारण ५० टक्के, बाकीच्यांना ४०. आणि पूर्वसंमती यायच्या आधी यंत्र विकत घेऊ नका, बिल आधीच्या तारखेचं निघालं की पैसे अडकतात. आमच्या गटातल्या एका ताईचं असंच झालं, दुकानदार म्हणाला घ्या आत्ता, अनुदान येतंच, आणि ती दोन वर्षं हेलपाटे मारत होती.

पहिल्या वर्षी पीक घटतं का? खरं सांगा.

बऱ्याच वेळा घटतं. जी जमीन वीस वर्षं युरिया-डीएपीवर चालली ती एका हंगामात शेणमुतावर उभी राहत नाही. नैसर्गिक शेतीला 'शून्य खर्च' म्हणतात, त्या शब्दावरून देशात मोठा वाद झालाय, २०१९ च्या बजेटमध्ये हा शब्द आला तेव्हा कृषी शास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय अकादमीनं उघड विरोध केला होता, पुरेसा पुरावा नाही म्हणून. दुसऱ्या बाजूला आंध्र प्रदेशानं २०१६ पासून सरकारी यंत्रणा लावून गावागावात बायकांच्या गटांमार्फत हेच काम चालवलं आणि २०२४ मध्ये त्या कार्यक्रमाला गुलबेंकियन पुरस्कार मिळाला. ज्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीवरून हे सगळं सुरू झालं ते आपल्या अमरावती जिल्ह्यातले, २०१६ ला पद्मश्री. तरी पद्धत इथली आणि ती मोठ्या प्रमाणावर राबवली आंध्रानं, कारण तिथं शेतकऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन पाच-पाच वर्षं सोबत राहणारी माणसं नेमली. आपल्याकडं दोन दिवसांचं ट्रेनिंग, चहा-नाश्ता, फोटो, आणि मग शेतकरी एकटा. मदत म्हणजे फक्त अनुदान नाही हे मला मनापासून सांगायचंय, जुलैमध्ये पानावर ठिपका दिसला की विचारायला माणूस पाहिजे.

म्हणून माझा सल्ला, एक एकर घ्या, बाकी जसं चाललंय तसं चालू द्या आणि खर्चाची वही दोन्हीची वेगळी ठेवा. क्विंटल कमी आले तरी हातात किती उरले ते बघा, कोरडवाहूत बऱ्याच वेळा खर्चच इतका खाली येतो की हिशोब बरोबरीत सुटतो.

गाय नाही. जीवामृत कसं करू?

एका एकराला २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. यासाठी स्वतःची गाय असलीच पाहिजे असं नाही, शेजाऱ्याकडून शेण घ्या, गूळ काळा चालतो, बेसनाऐवजी कोणतंही डाळीचं पीठ चालतं. मात्र जीवामृत म्हणजे खत नाही, ते विरजण आहे. जमिनीत काडीकचरा, सेंद्रिय पदार्थच नसेल तर विरजण लावायला दूधच नाही असं होतं.

ते दूध म्हणजे कंपोस्ट. आणि इथं मला आमच्या जिल्ह्याचा अभिमान सांगू द्या, नाडेप टाकं हे पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेलं, त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून नाडेप. १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, विटांमध्ये हवेसाठी भोकं. साधारण दीड टन काडीकचऱ्याला शेण फक्त १०० किलोच्या आसपास लागतं, बाकी माती आणि पाणी, तीन-चार महिन्यांत खत. ज्याच्याकडं एकच बैलजोडी आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. रोजगार हमीतून नाडेप आणि गांडूळ खताचे हौद बांधून मिळतात, ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

सरकार एकीकडं नैसर्गिक शेती सांगतं आणि दुसरीकडं युरिया स्वस्त देतं, हे कसं?

हा विरोधाभास आहेच. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग केंद्र भरतं, आणि खतांच्या या अनुदानासमोर नैसर्गिक शेतीचं २,४८१ कोटींचं बजेट फारच छोटं आहे. यावर २०२३ मध्ये पीएम-प्रणाम नावाची योजना आली, जे राज्य रासायनिक खताचा वापर कमी करेल त्याला वाचलेल्या अनुदानातला ५० टक्के वाटा परत मिळायचा. कल्पना चांगली आहे, पण तो पैसा राज्याला जातो. युरिया कमी टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात त्यातलं थेट काही येत नाही, आणि माझ्या मते तो यायला पाहिजे. बायोगॅसच्या प्लांटमधून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागं १,५०० रुपये मदत आहे, तीही खत विकणाऱ्याला.

पऱ्हाट्या जाळू का? आणि नांगरटी नाही केली तर चालतं का?

जाळू नका. श्रेडरनं बारीक करून वावरातच पसरा. भाड्यानं मिळतो, महाडीबीटीवर अनुदानातही आहे. एक काळजी घ्या, ज्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी होती तिची किडकी बोंडं तशीच राहू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढून टाका, फरदड (वेचणी संपल्यावर तीच पऱ्हाटी पुढं राखून घेतलेलं पीक) अजिबात घेऊ नका, दोन क्विंटल फरदडीसाठी पुढच्या हंगामाची अळी आपणच पोसतो.

न नांगरता शेती आपल्याच राज्यात चाललेली बघायची असेल तर रायगड जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांचं एसआरटी म्हणजे सगुणा तंत्र बघा. भातासाठी सुरू झालं, चिखलणी नाही, लावणी नाही, एकदा केलेले गादीवाफे कायम ठेवायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडून टोकणी, आणि पीक कापलं की मुळं जमिनीतच सोडायची. गांडुळं परत येतात, मजुरी वाचते. पण त्यात तणनाशक वापरतात, आणि नैसर्गिक शेतीवाले त्यावरून भांडतात. मला विचाराल तर दोघांचंही अर्धं बरोबर आहे: नांगर सोडायचा तर तणाचं काहीतरी करावं लागतं, आणि निंदणाला आज बाया मिळत नाहीत ही वस्तुस्थिती आहे. तूर, मूग, चवळीचं आंतरपीक दाट ठेवून तण दाबणं हा मधला रस्ता आम्ही धरलाय, पूर्ण जमलेला नाही, दोन निंदण अजून लागतात.

'सेफ' औषध कोणतं? दुकानदार म्हणतो हे एकदम सेफ आहे.

आधी शब्द. आपण सगळे त्याला औषध म्हणतो, औषध मारलं, औषध आणलं. ते विष आहे. मी घरात मुद्दाम विष म्हणायला सुरुवात केली तेव्हा सासूबाई रागावल्या, पण लेकरं त्या डब्यापासून लांब राहायला लागली.

डब्यावर एक चौकोन असतो, त्यातल्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघायचा. लाल म्हणजे अतितीव्र विष, कवटीचं चित्रपण असतं. पिवळा तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. हा रंग प्राण्यांवर तपासलेल्या मात्रेवरून ठरतो: वजनाच्या किलोमागं ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेतच जीव जात असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा, त्याच्यावर हिरवा. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून रंग ठेवलाय, तर मजुराला तो दाखवून सांगणं आपलं काम.

पण रंग फक्त एवढंच सांगतो की लगेच किती घातक. हिरवा म्हणजे वर्षानुवर्षं अंगावर घेतलं तरी काही होत नाही असं नाही, आणि मधमाशीला चालतं असंही नाही. इमिडाक्लोप्रिड माणसाला मोनोक्रोटोफॉसइतकं लगेच मारत नाही पण फुलोऱ्यात मारलं तर मधमाश्या मरतात. म्हणून 'सेफ' असं काही नसतं, 'कमी घातक' असतं आणि तेही लेबलवर लिहिलेल्या पिकावर, लिहिलेल्या मात्रेत.

कोणती औषधं बंद झालीत? घरात जुना डबा आहे.

२०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं एंडोसल्फान बंद केलं, केरळच्या कासरगोडमधल्या लोकांच्या लढ्यानंतर. मग केंद्रानं अनुपम वर्मा समिती नेमली, तिनं ६६ कीटकनाशकं तपासली, आणि २०१८ मध्ये १८ बंद करण्याचा आदेश निघाला, काही लगेच आणि काही २०२० च्या शेवटापासून. २०२० मध्ये आणखी २७ बंद करायचा मसुदा आला पण सप्टेंबर २०२३ चा अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंद झाली फक्त डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल, आणि मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्के एसएल, जे आपल्याकडं घरोघरी असायचं. कार्बोफ्युरानचं ३ टक्के दाणेदार सोडून बाकी बंद. काहींची फक्त काही पिकांवरची परवानगी काढली, जसं क्लोरपायरीफॉस बोर, लिंबूवर्गीय आणि तंबाखूवर नाही, मॅन्कोझेब पेरू आणि ज्वारीवर नाही.

मोनोक्रोटोफॉसचं मला राहून राहून वाईट वाटतं. २०१३ मध्ये बिहारात सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात ते मिसळलं गेलं आणि २३ लेकरं गेली, २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणारी माणसं विषबाधेनं गेली तेव्हा तेही वापरात होतं, आणि बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडलं, वर शिल्लक माल मुदत संपेपर्यंत विकायची सूट.

तुमच्याकडं जुना डबा असेल तर तो 'वाया कशाला घालवायचा' म्हणून मारू नका, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. कुलपात ठेवा आणि कृषी सहायकाला सांगा.

ग्लायफोसेट तणनाशक मारता येतं का?

ऑक्टोबर २०२२ च्या आदेशानुसार फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच वापरायचं. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये ते कर्करोगाला बहुधा कारणीभूत या गटात टाकलंय. आणि तणनाशक सहन करणारं चोरबीटी कापसाचं बियाणं घेत असाल तर ते बेकायदेशीर आहे, फसलं तर तक्रार कुठंच करता येत नाही कारण बिलच नसतं.

बायो औषध म्हणून जे मिळतं ते खरं असतं का?

काही खरं, बरंच संशयास्पद. ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया, मेटारायझियम या उपयोगी बुरशी आणि एचएएनपीव्ही हा अळी मारणारा विषाणू, ही कृषी विद्यापीठं आणि कृषी विभागाच्या प्रयोगशाळांतून मिळतात, तिथून घेतलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं. दुकानातून घ्यायचं तर डब्यावर सीआयआर (केंद्राकडची कीटकनाशकाची नोंदणी) नंबर आहे का बघा, बॅच, तारीख बघा. नंबर नाही आणि मारल्या मारल्या दोन तासांत अळ्या खाली पडल्या तर समजा आत रसायन आहे, कारण बुरशी इतक्या लवकर काम करत नाही, तिला दिवस लागतात. 'टॉनिक' नावाखाली जे विकतात त्यातली बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आणलीत, त्यामुळं नोंदणी विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सगळ्यात स्वस्त घरचं: ५ किलो निंबोळीचं पीठ रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटरला, थोडा साबणाचा चुरा. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पडतात तेव्हाच वेचून वाळवून ठेवा, ऑगस्टमध्ये आठवण येऊन उपयोग नाही. आणि पऱ्हाटीत बोंडअळीचे कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे) एकरी पाच लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडली, तरच फवारणीचा विचार. आमच्याकडं लोक कॅलेंडर बघून फवारतात, आठवडा झाला की मार. कृषी विभागाच्या क्रॉपसॅप प्रकल्पाची माणसं २००९ पासून किडींची पाहणी करतात, त्यांचा सल्ला कृषी सहायकाकडं येतो, तो मागून घ्या.

२०१७ मध्ये यवतमाळला नेमकं काय झालं होतं?

त्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, दमट गरमी होती, अळी सुटली होती, आणि लोक दोन-तीन विषं एकत्र करून जास्त फवारा फेकणाऱ्या बॅटरीच्या पंपानं उंच झाडांमध्ये शिरून मारत होते. म्हणजे फवारा पुढं नाही, तोंडावर, अंगावर येत होता. जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. सरकारनं एसआयटी नेमली आणि यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांत पाच उत्पादनांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली.

आमच्याच वावरात फवारणाऱ्या दादाला त्या सप्टेंबरमध्ये धुरकट दिसायला लागलं, उलट्या, तोंडातून लाळ. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते काय मारलं, आणि आमच्यापैकी कुणालाच नाव सांगता येईना, डबा धुऱ्यावर फेकलेला होता. रात्री टॉर्च घेऊन आम्ही तो शोधला. दादा वाचला, नजर नीट यायला मात्र कितीतरी आठवडे लागले. मी हे सगळं लिहिते त्याचं कारण तेच आहे.

फवारताना काय काळजी घ्यायची? किट कुणी देत नाही.

किट मिळालं तर चांगलंच, कृषी विभाग आणि काही कंपन्या शिबिरात वाटतात, मागा. पण उन्हात प्लास्टिकचा सूट कुणी घालत नाही हे मला माहीत आहे, मग निदान पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पॅन्ट, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा, गमबूट. वारा ज्या बाजूनं येतो तिकडं पाठ करून चाला. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. नोझल तुंबला तर तोंडानं फुंकू नका. हातानं ढवळू नका, काठी घ्या. दोन विषं एकत्र करू नका, लेबलवर किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत लिहिलेलं नसेल तर अजिबात नाही. आणि खर्रा (सुपारी-तंबाखू)! फवारता फवारता त्याच हातानं खर्रा घोटायचा आणि तोंडात टाकायचा, याच्याइतकं धोक्याचं काही नाही. पुडी घरी ठेवून जा.

विषबाधा झाली तर पहिलं काय करू?

माणसाला वावरातून बाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, डोळे साध्या पाण्यानं भरपूर धुवा. उलटी करायला लावू नका, दूध-तूप-लिंबू काही पाजू नका. १०८ लावा. डबा किंवा लेबल सोबत न्या, कारण ऑर्गॅनोफॉस्फेटला (मोनोक्रोटोफॉस त्याच गटातलं) अॅट्रोपिन वगैरे उतारा आहे, पण पॅराक्वाट या तणनाशकाला उताराच नाही, आणि डॉक्टरला नाव कळल्याशिवाय दिशा ठरत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, घाम, लाळ, छातीत जखडल्यासारखं, मांस फडफडणं ही लक्षणं दिसली की 'ऊन लागलं असेल' म्हणून झोपवू नका. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास असतं, डॉक्टरांनाही हा नंबर द्या. दवाखान्यात भरती केल्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि केसपेपरवर 'फवारणी करताना विषबाधा' असं लिहून घ्या.

मृत्यू झाला तर सरकारी मदत मिळते का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा हे अपघातात धरलंय. मृत्यूला २ लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. वय १० ते ७५, सातबारावरचा शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला सातबारा नसलेला एक सदस्य. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. पोस्टमॉर्टेम, पंचनामा, व्हिसेऱ्याचा रिपोर्ट हे कागद जपा.

आता यातली मोठी फट बघा. फवारणी करतो कोण? बहुतेक वेळा रोजंदार. त्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या बापाच्या नावावरही नाही. मग दुसऱ्याच्या वावरात विष अंगावर घेणाऱ्या माणसाला या योजनेत जागाच नाही. २०१७ मध्ये मृतांच्या कुटुंबांना २ लाख वेगळा निर्णय करून दिले गेले, पण वेगळा निर्णय व्हायला वीस माणसं मरावी लागली. नैसर्गिक शेतीच्या योजनेतही तेच, एकरी ४ हजार जमीनमालकाला, आणि विष कमी झाल्याचा सगळ्यात जास्त फायदा ज्या शरीराला होणार त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. ग्रामसभेत हा मुद्दा मांडा, ठराव घ्या, आम्ही आमच्या गावात घेतलाय: मजुरालाही या योजनेत घ्या म्हणून.

सगळीच विषं सरकार एकदम बंद का करत नाही?

श्रीलंकेनं २०२१ मध्ये तसं केलं. अचानक रासायनिक खतं-औषधांची आयात बंद, शेतकऱ्याला तयारीला वेळ नाही, पर्यायी खत नाही. भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला, आणि काही महिन्यांत निर्णय मागं घ्यावा लागला. त्यामुळं मी एकदम बंदीच्या बाजूची नाही. पण लाल त्रिकोणवाली आधी बंद करा आणि त्याच दिवशी गावात पर्याय पोचवा, एवढं मागणं जास्त नाही.

नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले बघा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळं युरोपात माल अडकला, केवढं नुकसान झालं. त्यानंतर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी, फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं, लॅबचा रिपोर्ट, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं. युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी जे जमतं ते यवतमाळच्या आठवडी बाजारातल्या वांग्यासाठीही जमलं पाहिजे.

सेंद्रियचं सर्टिफिकेट काढू का? भाव जास्त मिळतो?

गावाजवळ विकायचं असेल तर पीजीएस म्हणजे गटानंच एकमेकांना द्यायचं सर्टिफिकेट पुरेसं, किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांचं वावर तपासायचं, तीन वर्षांपर्यंत रूपांतराचा काळ. एक्सपोर्टला बाहेरच्या संस्थेनं तपासून दिलेलं एनपीओपी सर्टिफिकेट लागतं, खर्चिक आहे. भाव आपोआप मिळत नाही, गिऱ्हाईक शोधावं लागतं, आमच्या गटाची तूरडाळ ओळखीतून जाते, कापूस मात्र जिनिंगवर सगळ्यांच्या भावातच जातो.

कार्बन क्रेडिटवाले गावात आलेत, सही करू का?

म्हणजे तुमच्या जमिनीत कर्ब साठल्याचं क्रेडिट विकून त्यातला वाटा देतो म्हणणाऱ्या कंपन्या. करार मराठीत मागा. किती वर्षं बांधलेले राहणार, क्रेडिट विकल्यावर तुमचा वाटा किती, मध्येच नांगरलं तर दंड आहे का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखी मिळालं नाही तर सही नाही.

फवारणीचे कपडे कुठं धुवायचे?

हा प्रश्न मला फक्त बायका विचारतात. घरच्या कपड्यांत मिसळू नका, घरी आल्या आल्या वेगळ्या घमेल्यात, रबरी मोजे घालून, आधी नुसत्या पाण्यातून काढून मग साबणानं दोनदा. पाणी विहिरीपासून, हापशापासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब ओता. वाळत घालताना लेकरांच्या कपड्यांपासून वेगळी दोरी. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल तर हे काम त्या दिवसांत दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, फवारणाऱ्यानंच स्वतः धुतले तर अजून चांगलं. आमच्या घरी आता तसंच आहे, गोठ्याच्या मागं एक निळं घमेलं ठेवलंय आणि फवारून आलेला माणूस आधी तिकडंच जातो.